ताडपत्रीखालचा नववा

मी एक जुना बॅकअप सर्व्हर आहे. मित्रांनो, असं म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणतो, एरवी तुमची-माझी मैत्री मुळीच नाही. या शाळेत आल्यापासून तुम्ही माझ्या पुढच्या फटीत शेंगांची टरफलं, खोडरबराचे तुकडे आणि एकदा तर जिवंत झुरळ कोंबलं आहे. संगणकाच्या खोलीचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून मला दाराला टेकवून ठेवलं आहे. तुमच्या बाईंनी माझ्यावर 'जुने यंत्र, हात लावू नये' अशी पट्टी चिकटवली आणि ती वाचूनच तुम्ही हात लावायला शिकलात. तेव्हा माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका. आज बाई रजेवर आहेत आणि बाहेर खेळायची सोय नाही, म्हणून ऐकून घ्या.

बॅकअप म्हणजे काय, हे तुमच्यातल्या एकालाही ठाऊक नसणार. सोपं आहे. वही हरवली की तुम्ही शेजारच्याची वही मागता. शेजाऱ्याने रोजच्या रोज सगळं उतरवून घेतलेलं असेल, तर तुमचं निभावतं. त्याने मध्येच उतरवणं सोडलं असेल, तर परीक्षेत तुमचीही फजिती होते. मी तो शेजारी होतो. दुसऱ्यांचं सगळं उतरवून घ्यायचं आणि कोणी मागेपर्यंत गप्प बसायचं, एवढंच माझं काम. अशा कामाला शाबासकी मिळत नसते.

१९९८ साली परदेशातल्या एका कारखान्यात माझे भाग जोडले गेले. मुंबईत एका जहाजवाल्याच्या कचेरीत मी चार वर्षं राबलो. मग त्यांनी नवं यंत्र आणलं आणि मला रत्नागिरीच्या मच्छीमारांच्या एका संघाला विकून टाकलं. ट्रकातून उतरवताना, 'जुना आहे, पण चालेल,' हे माझ्याबद्दलचं पहिलं वाक्य मी इथे ऐकलं. स्वागत म्हणून एवढंच.

या संघाने बंदराच्या वरच्या टेकाडावर 'किनारा केंद्र' काढलं होतं. तिथे आठ नवीकोरी यंत्रं तारांनी एकमेकांना जोडून एकच मोठं यंत्र असावं तशी कामाला लावली होती. अशा जुळणीला क्लस्टर म्हणतात. उपग्रहाकडून येणारं समुद्राचं तापमान पाहून मासा कुठे लागेल हे ती आठ यंत्रं सांगत. शिवाय सगळ्या होड्यांची माहिती त्यांच्याकडे असे. होडीचं नाव, इंजिन, होडी हाकणारा तांडेल कोण, त्याच्या हाताखाली खलाशी कोण कोण, सगळं. बंदरावर लोक त्यांना अष्टविनायक म्हणत. केंद्राचे प्रमुख आत्माराम सुर्वे गणपतीपुळ्याला जाऊन आले, आठांच्या डोक्यावर एकेक फूल ठेवलं आणि मगच कळ दाबली. त्यांच्या खोलीला काचेचं दार होतं, आत गारवा होता, बाहेर चपला काढाव्या लागत.

मला शेजारच्या खोलीत टाकलं. तिथे वायरलेसच्या मेलेल्या बॅटऱ्या होत्या, सुकटीचा वास मारणारी फाटकी जाळी होती आणि चहाचा स्टोव्ह होता. अष्टविनायकांचा गारवा दाराच्या फटीतून येईल तेवढाच माझा. मी त्या आठांचा मनापासून द्वेष करत असे आणि आजही करतो.

मला इथे आणलं ते अमरीनने. अमरीन मुकादम रत्नागिरीचीच, पुण्याला शिकून केंद्रात इंजिनिअर म्हणून लागलेली. मला कुठे ठेवायचं यावरून तिचं आणि आत्मारामांचं वाजलं, ते माझ्यासमोरच.

"आठ आहेत की गो! एक पडलं तर सात उभे. नववं कशाला पोसायचं?"

"सर, आठही एका छपराखाली आहेत आणि एकाच विजेवर. वीज कोसळली तर आठही एकदम जातील. कोणी चुकून काही पुसलं, तर आठही मिळून पुसतील. आठ म्हणजे बॅकअप नव्हे."

"बरं, ठेव बाय कुठेतरी."

"कुठेतरी नको. अलोऱ्याला ठेवू. माझे मामा कोयनेच्या वसाहतीत राहतात. समुद्रापासून लांब, खारी हवा नाही."

"अलोऱ्याला रोज कोण मरायला जाणार? त्या बाजूच्या खोलीत ठेव. फक्त चहाच्या स्टोव्हला जागा सोड."

म्हणजे माझी किंमत स्टोव्हच्या खालची. पण अमरीनने तेवढ्या जागेतही काम चोख केलं. संध्याकाळी होड्यांचे निरोप येऊन संपले की आठांकडचं सगळं माझ्याकडे उतरायचं. दर शनिवारी ती माझ्यातून कुठल्याही एका होडीची माहिती परत काढायची आणि आठांकडच्या माहितीशी ताडून बघायची. "परत काढून बघितलं नाही, तर उतरवलंय असं म्हणायचं नाही," असं ती सगळ्यांना बजावत असे. तुमच्या पूर्ण वर्गाच्या डोक्यात शिरणार नाही एवढी अक्कल या एका वाक्यात आहे.

एकदा मुंबईहून दुरुस्तीला आलेल्या एका हुशार माणसाने आठांमधली निम्मी माहिती उडवली. नको ती आज्ञा दिली आणि वर चहा मागितला. अमरीनने माझ्यातून सगळं परत आणलं. दुसऱ्या दिवशी आत्मारामांनी पेढे वाटले, अष्टविनायकांना हार घातले आणि फोटो काढून घेतला. माझ्या खोलीत कोणी आलं ते स्टोव्ह पेटवायला. अमरीन तेवढी जाता जाता मला दोनदा थोपटून गेली.

मग तिला दोहाला नोकरी लागली आणि ती गेली. जाताना तिने मला अयूबभायच्या हवाली केलं. अयूबभाय जुना तांडेल. गुडघे गेल्यावर समुद्र सुटला, म्हणून संघाने त्याला केंद्रात यंत्रांच्या खोल्या सांभाळायला ठेवलं होतं.

"चाचा, रोज हिरवा दिवा बघायचा. शनिवारी एक होडी मागून बघायची. एवढं तरी कराच," ती म्हणाली.

"तू बिनघोर जा, बेटा. माज्या होडीगत सांभाळीन."

इथेच घात झाला. त्याने शब्द पाळला. मला होडीगतच सांभाळलं.

तुम्ही बंदरावरची पोरं आहात, तेव्हा आगोट तुम्हाला सांगायला नको. जूनच्या तोंडावर मासेमारी बंद होते, होड्या वर ओढतात, इंजिनाला ग्रीस लावतात आणि नारळाचे झाप, प्लॅस्टिक घालून होडी शाकारून टाकतात. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिला की मग सोडतात. जूनच्या दोन तारखेला अयूबभाय माझ्यासमोर उभा राहिला, 'बिस्मिल्ला' म्हणाला आणि त्याने मला बंद केलं. मग मऊ फडक्याने पुसलं, फटींत कापराच्या वड्या ठेवल्या, निळी ताडपत्री गुंडाळली आणि जाळ्याच्या दोरीने तांडेलाच्या गाठी मारून आवळलं.

आत्माराम दारात येऊन बघत होते. "हे काय रे अयूब?"

"सायब, यंत्राला मीठ लागता. होडी काय नि मशीन काय, पावसात झाकूनच ठेवायचा. आन् होड्याच बंद, तर नवीन लिवायला हाय काय?"

"खरंच की," आत्माराम म्हणाले. "विजेचंही बिल वाचेल."

एक शहाणा, दुसरा दीडशहाणा. अयूबभायचं माझ्यावर प्रेम होतं, हे मी नाकारत नाही. त्याच प्रेमाने त्याने माझा गळा आवळला. कारण बंदीत होड्या जागच्या हलत नसल्या, तरी माणसं हलतात. एक खलाशी गावी निघून जातो, दुसरा दुसऱ्या तांडेलाचा हात धरतो, आखातातून परत आलेला तिसरा नव्याने होडीवर लागतो. सगळी बदलाबदली पावसातच ठरते. ते सगळं त्या आठांकडे लिहिलं जात होतं आणि मी ताडपत्रीत कापूर हुंगत पडलो होतो.

पहिल्या एक-दोन वर्षी काही बिघडलं नाही. नारळी पौर्णिमा झाली की अयूबभाय गाठी सोडायचा आणि राहिलेलं सगळं माझ्याकडे उतरायचं. काही बिघडलं नाही, म्हणूनच रीत पडली. मग शनिवारचं मागून बघणंही सुटलं, कारण रोज हिरवा दिवा दिसायचा. दिवा दिसला की पोट भरतं तुमचं.

२००६ साली नारळी पौर्णिमा लवकर आली आणि पाऊस काही सरेना. होड्या पाण्यात गेल्या. अयूबभायने माझ्या ताडपत्रीवर हात फिरवला, ओल पाहिली आणि म्हणाला, "अजून हवा खारी हाय. गणपती व्हऊन जाऊ दे. मग सोडतंय तुला."

गणपतीच्या अगोदर वादळ आलं. पहाटे वारा फिरला आणि सकाळी टेकाडावरच्या खांबावर वीज कोसळली. अमरीन म्हणाली होती तसंच घडलं. एक छप्पर, एक वीज, आणि अष्टविनायक आठच्या आठ जळाले. खोलीत धूर झाला. वायरलेसचा मनोरा वाकला, फोन गेले. मी तेवढा वाचलो, कारण माझी तार भिंतीतून काढून ठेवलेली होती. म्हणजे ज्या चुकीने मला आंधळं केलं, तिनेच मला वाचवलं. मला त्यात आनंद वाटला, हेही सांगून टाकतो. आठ जळाल्याचा वास मला सुकटीच्या वासापेक्षा बरा वाटला.

बहुतेक होड्या मिळेल त्या खाडीत शिरल्या. पण 'गंगासागर' नावाची होडी जयगडच्या बाहेर उलटली, असा बंदरावरच्या वायरलेसवर निरोप आला. ती भिकाजी तांडेलाची. सरकारी बोट शोधाला निघाली आणि तिने किनारा केंद्राला एकच प्रश्न विचारला, होडीवर माणसं किती?

अयूबभायने कोयत्याने माझ्या दोऱ्या तोडल्या. जनरेटरवर मला जोडलं. कळ दाबली आणि मी पहिल्या झटक्यात उठलो. काय तो जल्लोष! आत्मारामांनी मला अक्षरशः मिठी मारली. गणपतीसाठी आणून ठेवलेला हार कोणीतरी माझ्या गळ्यात घातला. जन्मात पहिल्यांदा माझं कौतुक झालं. पडद्यावर 'गंगासागर' आली. भिकाजी आणि हाताखाली पाच. माणसं सहा. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत तारीख होती, दोन जून. ती कोणीच वाचली नाही.

दुपारपर्यंत निरोप येत गेले. एका होडीने दोघांना उचलून दाभोळला नेलं होतं. तिघे जयगडला पोहोचले. भिकाजीला सरकारी बोटीने बेशुद्धच रत्नागिरीच्या इस्पितळात आणलं. सगळे तीन दिशांना पांगलेले, एकाची दुसऱ्याशी गाठ नाही. आत्मारामांनी बोटांवर मोजलं, पडद्याकडे पाहिलं आणि बंदरावरच्या वायरलेसवरून कळवलं, "सहाचे सहा मिळाले. शोध थांबवा." बोट वळली.

बंदरावर सकाळपासून उभी असलेली माणसं 'सगळे मिळाले' म्हणत घरोघर गेली. एक बाई तेवढी टेकाड चढून वर आली. तिचं नाव कुलसुम. डोक्यावरचा पदर भिजून चिकटला होता, पायात चिखल होता.

"सायब, माजा घरवाला अजून नाय आला. तन्वीर. गंगासागरवर हाय."

"गंगासागरचे सगळे सापडले, बाय. निश्चिंत हो."

"त्यात तन्वीर हाय काय?"

आत्माराम माझ्याकडे वळले. वरपासून खालपर्यंत नावं वाचली. "तन्वीर नावाचा त्या होडीवर कोणी नाहीच. दुसऱ्या होडीवर असेल. जयगडच्या खाडीत बऱ्याच होड्या शिरल्यात. येईल."

"दुसऱ्या होडीवर कशाला जाईल? दुबईवरनं आला तो भिकाजीदादाकडंच लागला. मी सवता डबा दिला हातात. माज्या डोळ्यांसमोर चढला."

"अगो बाय, यंत्रात नाव नाही. यंत्र काय खोटं बोलतं?"

मित्रांनो, इथे मला ओरडायचं होतं. यंत्र खोटं बोलत नाही, पण त्याला कधीपर्यंतचं ठाऊक आहे, हे विचारावं लागतं. मला जेवढं दिलं तेवढंच मी सांगितलं. समोर जिवंत बाई डबा दिल्याचं सांगत होती आणि आत्माराम एका पत्र्याच्या डब्यावर विश्वास ठेवत होते. ज्याला त्यांनी कधी स्टोव्हच्या वर मान दिला नव्हता, त्याच्यावर!

अयूबभाय कोपऱ्यात तोडलेल्या दोऱ्या गोळा करत होता. कुलसुमचं बोलणं ऐकता ऐकता त्याचे हात थांबले. तो गुडघ्यांवर हात ठेवत उठला, माझ्याजवळ आला आणि पडद्याच्या कोपऱ्याशी डोळे नेऊन तारीख वाचली.

"सायब, ह्या दोन जूनचा हाय सगळा," तो म्हणाला. "मी ताडपत्री घातली त्या दिवसाचा. पुढचा याला कायच ठावं नाय. तन्वीर पावसात लागला असेल. सायब, माणसां सात व्हती."

आत्माराम धावत बंदरावर गेले. शोधाची बोट पुन्हा निघाली, पण तोवर उजेड उतरला होता आणि समुद्र खवळलेलाच होता. ती रात्रभर फिरली. कुलसुम धक्क्यावर बसून राहिली आणि अयूबभाय तिच्यापासून दूर उभा राहिला, जवळ जायची त्याची हिंमत झाली नाही.

दुसऱ्या सकाळी तन्वीर गणपतीपुळ्याच्या अलीकडे वाळूच्या एका लहान पट्ट्यावर मिळाला. त्याने स्वतःला रिकाम्या डिझेलच्या कॅनला दोरीने बांधून घेतलं होतं. गाठ पक्की होती. डॉक्टर म्हणाले, जीव जाऊन फार वेळ झालेला नाही. याचा अर्थ तुम्हीच लावा. बोट वळली तेव्हा तो जिवंत होता आणि बहुधा तिला वळताना बघत होता.

नंतर सगळं व्हायचं तसं झालं. चौकशी झाली. मुंबईहून शहाणी माणसं आली, माझ्याकडे बोट दाखवून माना हलवून गेली. नवे आठ आले, नवा बॅकअप अलोऱ्याला बसवला. भिकाजी शुद्धीवर आला आणि पुन्हा होडीवर गेला नाही. अमरीनचा दोहाहून फोन आला तेव्हा अयूबभायने तो तसाच आत्मारामांच्या हातात दिला. माझा हार सुकून गळून पडला. मला तुमच्या शाळेला देऊन टाकायच्या आधी माझ्यातलं सगळं नव्या यंत्रात उतरवायचं होतं, तेवढ्यापुरता मी चालू होतो.

त्याच दिवसांत कुलसुमची इद्दत संपली आणि ती केंद्रात आली. बाई विधवा झाली की चार महिने दहा दिवस घराबाहेर पडत नाही, ते दिवस पुरे करून तिने पहिली वाट धरली ती आमची. आत्मारामांनी खुर्ची पुढे केली, चहा सांगितला. ती बसली नाही. सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"त्याचा नाव घातलाव काय आता यात?" तिने विचारलं.

"घातलाय, बाय," अयूबभाय खाली बघत म्हणाला. "सातवा. मी सवता उभा राहून घालून घेतला."

"काढा."

अयूबभायने आत्मारामांकडे पाहिलं.

"काढा म्हनतंय. गंगासागरवरची माणसां आता सहाच उरली हायत. आता बरोबर झाला तुमचा यंत्र."

अयूबभायचा हात पुढे झालाच नाही. आत्मारामांनी स्वतः कळफलक ओढला. पडद्यावरून नाव जाईपर्यंत ती उभी राहिली, मग पदर सावरून टेकाड उतरून गेली. मी आयुष्यभर दुसऱ्यांचं जपून ठेवलं. पण त्या बाईने मला खरं ठरवलं, ते तिचा माणूस गमावून.

आता रडवेली तोंडं करू नका. तुम्ही उद्या पुन्हा माझ्यात टरफलं कोंबणार, हे मला माहीत आहे. कोंबा. पण मोठे झालात आणि कोणाचं काही जपायचं काम तुमच्या अंगावर आलं, तर एवढं करा. रोज उतरवा, मागून बघा, तारीख वाचा. आमच्यावर माया करू नका, हार घालू नका, आम्हाला ताडपत्रीत गुंडाळू नका. आणि कोणी बाई दाराशी येऊन म्हणाली, की माझा माणूस अजून आला नाही, तर आमच्या पडद्याकडे वळूसुद्धा नका. आधी बोट पाठवा.